इतकं हळू का वाजवतात हे लोक?

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात असतो. गेल्या दिवाळीत घरी आला होता. सांगलीहून कोल्हापूरला जाताना त्यानं गाडीत एक इंग्रजी अल्बम लावला. गाणाऱ्या बाईचा आवाज इतका हळू, की मी दोनदा म्हटलं, अरे, आवाज वाढव. त्यानं वाढवला, तरी गाणं हळूच राहिलं. तो म्हणाला, आई, हे असंच आहे. हा अख्खा अल्बम चर्चमध्ये, एका मायक्रोफोनवर, एका दिवसात रेकॉर्ड केलाय. बँडचं नाव काउबॉय जंकीज. मी गेली तीस वर्षं हार्मोनियम शिकवते, त्यामुळे कान गप्प बसत नाही. हे एका मायक्रोफोनचं खरं आहे का? हे लोक इतकं हळू का वाजवतात? आणि याला म्हणायचं काय, लोकसंगीत की ब्लूज?
ता. क. हे लोक अजून गातात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे. ‘आवाज वाढवला, तरी गाणं हळूच राहिलं.’ या बँडच्या नादाचं वर्म इतक्या थोडक्यात सांगणारं वाक्य माझ्या तरी वाचनात नाही. गाडीतलं बटण फिरवलं की कानावर पडणारा आवाज मोठा होतो, एवढंच. गाणारीनं श्वास किती सोडला, ड्रमवर काठी पडली की नुसती कुंचली फिरली, हे त्या बटणाच्या हातात नसतं. कुजबूज कितीही मोठी करून ऐकली तरी ती कुजबूजच राहते.

आता मुलाची तीन विधानं. चर्च, एक मायक्रोफोन, एक दिवस. तिन्ही खरी आहेत, आणि प्रत्येकाला एक छोटी पुरवणी जोडावी लागते. पण चर्चपर्यंत पोचायच्या आधी टोरांटोच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये डोकवायला हवं, कारण ‘हळू का’ याचं उत्तर तिथं आहे.

मायकेल टिमिन्स आणि अ‍ॅलन अँटन हे लहानपणापासूनचे दोस्त. मायकेल गिटार वाजवतो, अ‍ॅलन बेस. १९७९ मध्ये त्यांनी ‘हंगर प्रोजेक्ट’ नावाचा बँड काढला आणि नशीब काढायला न्यूयॉर्क, तिथून लंडन गाठलं. लंडनमध्ये ‘जर्मिनल’ नावाचा दुसरा बँड झाला. त्यात शब्द नाहीत, ठरलेली चाल नाही. वाद्यांतून जे उसळून येईल ते तिथल्या तिथे वाजवायचं. आज ज्यांच्या गाण्याला कान जवळ न्यावा लागतो, त्यांची सुरुवात अशी कानठळ्यांत झाली. १९८५ मध्ये दोघं टोरांटोला परतले, क्रॉफर्ड स्ट्रीटवर एक घर भाड्यानं घेतलं आणि त्याच्या गॅरेजमध्ये तालमी सुरू केल्या. ड्रमवर मायकेलचा धाकटा भाऊ पीटर बसला. आणि मायकेलनं आपल्या बहिणीला, मार्गोला, गायला बोलावलं. गायिका म्हणून तिनं तोवर मंचावर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

गॅरेजमधला आवाज शेजारी जायचा. शेजाऱ्यांची तक्रार आली. आपल्याकडे गणपतीच्या तालमी वाड्यात चालत, तेव्हा वरच्या मजल्यावरून जसा निरोप यायचा, तशीच. बँडनं आवाज खाली आणला. आणि खाली आणल्यावर त्यांना एक गोष्ट ऐकू आली, जी आधी ऐकूच येत नव्हती : मार्गोचा खरा आवाज. ती जोर लावून गायची तेव्हा तो आवाज चारचौघींसारखा व्हायचा. ती हळू गायली की त्यात एक उबदार जडपणा यायचा, शब्दाच्या शेवटी थोडा श्वास उरायचा. मग भावांनी ठरवलं, तिनं आपल्यावर चढून गायचं नाही, आपण तिच्या खाली वाजवायचं. पीटर ड्रमवर ब्रश वापरायला शिकला. हा ब्रश म्हणजे काठीच्या जागी बारीक तारांची कुंचली. ती ड्रमवर आपटण्यापेक्षा फिरवायची जास्त. सकाळी अंगणात केरसुणी फिरते ना, तसा आवाज येतो. ठेका कळतो, पण अंगावर येत नाही.

तुम्ही हार्मोनियमची साथ शिकवत असाल तर हे वेगळं सांगायला नको. गायकाच्या सुराला धरून राहायचं आणि तरी त्याच्या पुढे यायचं नाही, ही साथीची अर्धी विद्या. फरक एवढाच, की रॉक संगीतात ही विद्या त्या काळी कुणी मागत नव्हतं. १९८० च्या दशकातली इंग्रजी गाणी आठवा : ड्रमचा आवाज तोफेसारखा, वर सिंथेसायझरचे थर. त्या गोंगाटात या चौघांनी शेजाऱ्यांच्या तक्रारीतून निघालेली सवय पुढे आपली रीत करून टाकली. माझं त्यांच्यावर प्रेम आहे ते याचसाठी. अडचण सरली की माणसं सहसा जुन्या जागी परततात. हे परतले नाहीत.

नावाबद्दलही एक शब्द. ‘जंकी’ म्हणजे व्यसनी, त्याला जोडलेला ‘काउबॉय’ म्हणजे गुराखी. यात खोल अर्थ शोधू नका. पहिला कार्यक्रम तोंडावर आला, नाव नव्हतं, लोकांचं लक्ष जाईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून ते ठेवलं. पुढे याच नावानं चर्चमध्ये अडचण केली, तिकडे येतोच.

आधी ब्लूज. लंडनच्या दिवसांत मायकेलला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या कृष्णवर्णीय गायकांनी वेड लावलं होतं. रॉबर्ट जॉन्सन, लाइटनिन हॉपकिन्स, जॉन ली हूकर. यातला हूकर तुमच्यासारख्या कानाला फार आवडेल. चार-चार मात्रांच्या बारा भागांचा ठरलेला साचा तो अनेकदा मोडतो, एकाच सुरावर घोळत राहतो, पाय आपटून लय धरतो. काउबॉय जंकीजचा पहिला अल्बम १९८६ मध्ये त्याच गॅरेजमध्ये रेकॉर्ड झाला. नाव ‘व्हाइट्स ऑफ अर्थ नाऊ’. नऊ गाणी, त्यांतलं एक स्वतःचं, बाकी सगळी दुसऱ्यांची आणि बहुतेक ब्लूजची. एक गाणं मात्र ब्रूस स्प्रिंग्स्टीनच्या ‘नेब्रास्का’ या १९८२ च्या अल्बममधलं. हे निवडलं यातही त्यांचा स्वभाव दिसतो, कारण ‘नेब्रास्का’ स्प्रिंग्स्टीननं बँड बाजूला ठेवून घरातल्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्यानं केलं होतं. अल्बम काढला तो ‘लेटंट’ या स्वतःच्याच छोट्या लेबलवर. आणि रेकॉर्डिंगला बसला होता पीटर मूर नावाचा ध्वनिमुद्रक. त्यानं गॅरेजच्या मधोमध एक मायक्रोफोन उभा केला, एकच.

म्हणजे एका मायक्रोफोनची गोष्ट चर्चच्या आधीच सुरू झाली होती.

पहिल्या अल्बमनंतर हे लोक गाडीत वाद्यं टाकून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून हिंडले. तिथं त्यांच्या कानांवर कंट्री संगीत पडत राहिलं, हँक विल्यम्स, पॅट्सी क्लाइन. ब्लूजला आता त्याचा गोरा, खेडवळ भाऊ भेटला. परतल्यावर मायकेलला हे सगळं एकत्र मांडायचं होतं, आणि त्यासाठी गॅरेजपेक्षा मोठा घुमारा असलेली जागा हवी होती.

टोरांटोच्या मध्यवर्ती भागात होली ट्रिनिटी नावाचं अँग्लिकन चर्च आहे, १८४७ चं. ते बांधायला इंग्लंडमधल्या एका बाईनं नाव न सांगता पैसे दिले होते. अट एकच : इथली बाकं सगळ्यांना फुकट, कायमची. त्या काळी चर्चमधल्या चांगल्या जागा पैसेवाली कुटुंबं भाड्यानं राखून ठेवत, म्हणून ही अट. पुढे १९७० च्या दशकात शेजारी ईटन सेंटर नावाचं प्रचंड व्यापारी संकुल उभं राहायचं होतं, तेव्हा हे चर्च पाडायचाही घाट होता. तिथल्या मंडळींनी झगडून ते वाचवलं. आज ते संकुलाच्या कुशीत उभं आहे. बाहेर शहराची सगळी लगबग, आत दगडी भिंती आणि उंच छत.

‘काउबॉय जंकीज’ नाव सांगून चर्च कोण देणार? म्हणून त्यांनी स्वतःची ओळख ‘टिमिन्स फॅमिली सिंगर्स’ अशी करून दिली आणि कॅनडाच्या सीबीसी रेडिओसाठी नाताळचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचाय, असं सांगितलं. कुटुंब असल्याचं खोटं नव्हतं. मायकेल, मार्गो, पीटर तर होतेच; मोठा भाऊ जॉनही त्या दिवशी गिटार घेऊन आला होता.

तारीख २७ नोव्हेंबर १९८७. मूरनं मायक्रोफोन उभा केला आणि त्याच्याभोवती सगळे वर्तुळात बसले. पेडल स्टील गिटारवाला किम देशाँ, अकॉर्डियनवाला यारो चेर्विनेक, माउथ ऑर्गनवाला स्टीव्ह शिअरर, आणि फिडल, मॅन्डोलिन, माउथ ऑर्गन असं बरंच काही वाजवणारा जेफ बर्ड. या पाहुण्यांपैकी बहुतेकांबरोबर आधी तालीमच झालेली नव्हती. पहिले सहा तास गेले ते कोण कुठे बसणार, हे ठरवण्यात. सहा तास, ताई. एकही गाणं पक्कं न करता.

कारण त्या मांडणीत खुर्ची हीच आवाज कमी-जास्त करायची कळ होती. नेहमीच्या स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा वेगळा मायक्रोफोन आणि वेगळा ट्रॅक असतो. त्या काळी २४ ट्रॅकची टेप सर्रास होती. अकॉर्डियन जास्त झालं तर नंतर खाली करा, फिडल चुकलं तर तेवढंच परत वाजवून घ्या. इथं तसलं काही नाही. अकॉर्डियन जास्त झालं तर यारोला उचलून मागे बसवायचं. एकजण चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

मागे बसवलं म्हणजे नुसता आवाज कमी होत नाही, हे इथलं खरं गंमतीचं शास्त्र. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की वाद्याचा थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो. पण भिंतींवर आणि छतावर आपटून येणारा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे लांबचं वाद्य हळू तर होतंच, शिवाय ते खोलीत जास्त भिजलेलं लागतं. जवळचं कोरडं, लांबचं ओलं. म्हणून हा अल्बम डोळे मिटून ऐकला की वाद्यं डावी-उजवीच दिसत नाहीत, पुढे-मागेही दिसतात. बेस जवळ आहे, अकॉर्डियन देवळाच्या सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला कुणी वाजवत बसलंय. ती जागा बटणं फिरवून कुणी तयार केलेली नाही. ती खरोखर तिथं होती.

मायक्रोफोनही साधा नव्हता. कॅलरेक या ब्रिटिश कंपनीचा तो अ‍ॅम्बिसॉनिक मायक्रोफोन. मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी १९७० च्या दशकात त्याची कल्पना मांडली. त्याच्या टोकाला आवाज टिपणाऱ्या चार चकत्या असतात, चतुष्फलकाच्या चार बाजूंवर एकेक. समोसा डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्या प्रत्येक अंगावर एक कान लावा, असं म्हटलं तरी चालेल. चौघांनी ऐकलेलं एकत्र मांडलं की पुढचं-मागचं, डावं-उजवं, वरचं-खालचं, अशी सगळी दिशा कळते. तेव्हा ‘एक मायक्रोफोन’ हे खरं, पण तो चार कानांचा होता.

आणि पहिली पुरवणी इथंच. मार्गोचा आवाज इतका हळू, की त्या मोठ्या वास्तूत वाद्यांच्या जोडीला तो टिकला नसता. म्हणून तिच्यासाठी स्पीकर लावला होता. ती आपल्या मायक्रोफोनमध्ये गात होती, तिचा आवाज स्पीकरमधून चर्चमध्ये उतरत होता, आणि मधला तो चार कानांचा मायक्रोफोन इतर वाद्यांसारखाच त्या स्पीकरलाही ऐकत होता. तो स्पीकर किती लांब, किती मोठा ठेवायचा, यातही मूरचा बराच वेळ गेला. याला कुणी फसवणूक म्हणेल. मला उलट वाटतं. सगळ्यांत हळू बोलणाऱ्या माणसाला बसायला नीट जागा करून दिली, बाकीचे सरकून बसले.

दुसरी पुरवणी : ‘एका दिवसात’. एक गाणं सोडून. अल्बम ज्या गाण्यानं उघडतो ते ‘मायनिंग फॉर गोल्ड’, खाणकामगारांचं जुनं गाणं, वाद्यांशिवाय, दीड मिनिटाच्या आसपास. ते काही दिवसांनी मॅसी हॉल या टोरांटोच्याच जुन्या सभागृहात झालं, सिम्फनी वाद्यवृंदाच्या तालमीला मधली सुट्टी झाली तेव्हा. साठसत्तर वादक जेवायला गेलेत, रिकाम्या खुर्च्या, आणि एक मुलगी येऊन दीड मिनिट गाते. चर्चबद्दलची तिसरी पुरवणीही यातच आली.

चर्चमधल्या शेवटच्या गाण्याची वेळ आली तेव्हा ठरलेला वेळ संपला होता. ‘मिसगाइडेड एंजल’ बाकी होतं, मायकेल आणि मार्गोनं मिळून लिहिलेलं. तिथल्या पहारेकऱ्याला २५ डॉलर देऊन त्यांनी आणखी दोन तास मिळवले. आज त्या बँडची जगभर सर्वांत जास्त मागितली जाणारी जी दोनतीन गाणी असतील, त्यांत हे आहे.

दुसरं म्हणजे ‘स्वीट जेन’. हे मुळात व्हेल्वेट अंडरग्राउंडचं, लू रीडनं लिहिलेलं. त्याची १९७० च्या अल्बममधली आवृत्ती चपळ, गिटारीची. पण त्याच बँडनं १९६९ च्या मैफिलींत हे गाणं संथ वाजवलं होतं, त्यात एक वेगळा भागही होता. जंकीजनी ती संथ वाट धरली आणि आणखी संथ केली. खुद्द लू रीडनं या रूपाची मनापासून तारीफ केली. १९९४ च्या ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ या चित्रपटात हे गाणं वापरलं गेलं, तेव्हा ज्यांनी बँडचं नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांच्याही कानी ते गेलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, लोकसंगीत की ब्लूज. नावांच्या भांडणात मी पडत नाही, पण तुम्ही हार्मोनियमवर बसणाऱ्या, म्हणून एक गोष्ट सांगतो. ब्लूजचा जीव कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या फटीत असतो. तिथं तुमच्या पेटीला जाता येत नाही, गळ्याला आणि तारेला जाता येतं. निषादाचंही तसंच. मार्गोचा गंधार नीट ऐका. ती त्याला खालून शिवते आणि पूर्ण चढत नाही. हे ब्लूजचं. चाली सरळ, कडवी गोष्ट सांगणारी, माणसं घरची, रस्त्यावरची. हे लोकगीतांचं आणि कंट्रीचं. पेडल स्टील गिटारची मींड, ती तर थेट कंट्रीची. धातूची कांडी तारांवरून सरकते आणि सूर पाण्यासारखा वाहतो. आणि दोन ओळींच्या मध्ये जी लांब जागा सोडतात आणि बेसनं भरतात, तिला वाटलं तर रॉक म्हणा, कारण लंडनमधल्या त्या कानठळ्यांच्या दिवसांतून अ‍ॅलन अँटन एक गोष्ट घेऊन आला : बेसची गोल फिरणारी, न संपणारी आवर्तनं. या बँडमध्ये अनेकदा चाल बेस सांभाळतो आणि गिटार तिच्याभोवती धुकं पसरते. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा गाणं सोडून नुसता बेस धरा. तबल्याचा डग्गा धरून ख्याल ऐकण्यासारखं आहे ते.

लय तर विलंबितच. पण विलंबित म्हणजे रेंगाळणं नव्हे, हे आपल्याकडे प्रत्येक चांगला गुरू सांगतो. प्रत्येक मात्रा भरलेली लागते. जंकीजचे नकलाकार पुढे पुष्कळ झाले आणि बहुतेक तिथंच पडले. त्यांनी लय कमी केली, जागा भरली नाही.

१९८८ च्या सुरुवातीला ‘द ट्रिनिटी सेशन’ त्यांनी आपल्या लेटंट लेबलवर काढला. त्याच वर्षी आरसीए या मोठ्या कंपनीनं तो उचलून जगभर वितरित केला. मोठी कंपनी आली की पहिला प्रश्न येतो, पुढचा अल्बम कसा करणार? १९८९ मध्ये बँडनं टोरांटोच्या उत्तरेला शॅरन नावाच्या गावी, शॅरन टेम्पल या लाकडी प्रार्थनामंदिरात, तसाच वर्तुळात बसून रेकॉर्डिंग केलं. मग ते बाजूला ठेवलं आणि तीच गाणी स्टुडिओत पुन्हा केली. तो १९९० चा ‘द कॉशन हॉर्सेस’. मंदिरातलं रेकॉर्डिंग कपाटात राहिलं ते थेट २०२२ मध्ये ‘शॅरन’ नावानं बाहेर आलं. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून ऐकले तर खोली गाण्याला काय देते, हे शिकवायला दुसरं पुस्तक नको. माझा कौल मंदिराला.

त्यानंतरचा प्रवास भरभर सांगतो. टाउन्स व्हॅन झँट या टेक्सासच्या कवीगायकाबरोबर ते १९९० मध्ये गावोगाव हिंडले, त्याची दोन गाणी १९९२ च्या ‘ब्लॅक आइड मॅन’मध्ये आली. पुढे गेफन कंपनीकडे गेले, १९९६ मध्ये ‘ले इट डाउन’ काढला, त्यातलं ‘अ कॉमन डिझास्टर’ रेडिओवर गाजलं. १९९८ मध्ये आणखी एक अल्बम झाला आणि मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या धामधुमीत हे लोक बाहेर पडले. पुन्हा लेटंट. सुरुवात केली होती त्याच घरच्या लेबलवर. २००१ च्या ‘ओपन’पासून ते स्वतःचं काम बहुतांशी स्वतःच सांभाळत आले. मायकेलचा स्वतःचा स्टुडिओ आहे. कुणाला रेडिओवर काय चालतं, हे विचारायची गरज उरली नाही, आणि मला वाटतं त्यांचं खरं लेखन यानंतर सुरू झालं.

मायकेल आणि त्याच्या पत्नीनं चीनमधून मुली दत्तक घेतल्या आहेत. ते कुटुंब तीन महिने चीनमध्ये राहिलं, तेव्हा रस्त्यांवरचे, बागांतले आवाज त्यानं टिपून आणले. त्यातून २०१० चा ‘रेनमिन पार्क’ झाला. बागेत सकाळी व्यायाम करणारे, गाणारे म्हातारे, भोंगे, आणि त्यांच्या मधून मार्गो. त्याआधी होली ट्रिनिटीत परत जाऊन त्यांनी जुना अल्बम नव्यानं वाजवला, त्या वर्तुळात व्हिक चेस्नट नावाचा गायक आपल्या चाकांच्या खुर्चीत बसला होता. २००९ च्या नाताळच्या दिवशी तो गेला. २०११ मध्ये त्याच्याच गाण्यांचा अख्खा अल्बम या मित्रांनी केला.

मार्गोला मंचावर उभं राहायची भीती वाटायची. सुरुवातीच्या दिवसांत ती प्रेक्षकांकडे पाठ करून गात असे. पुढेही ती भीती पुरती गेली नाही. तिनं मंचच घरासारखा करून घेतला. बसायला स्टूल, बाजूला छोटं टेबल, त्यावर फुलांची फुलदाणी आणि चहाचा मग. हजार माणसं समोर असली तरी ती बैठकीच्या खोलीत बसल्यासारखी बोलते.

आणि तुमचा ता. क. : हो, अजून गातात. तीच चार माणसं, मार्गो, मायकेल, पीटर आणि अ‍ॅलन. आणि सोबतीला १९८७ च्या त्या दिवशी आलेला जेफ बर्ड, जो गेलाच नाही. २०२० चा ‘घोस्ट्स’ त्यांनी आई गेल्यानंतर केला. २०२३ चा ‘सच फेरोशस ब्यूटी’ उघडतो तो वडिलांच्या स्मृतिभ्रंशाच्या गाण्यानं. वडिलांना जॅझचं वेड. त्यांच्याच रेकॉर्डी ऐकत ही मुलं वाढली. ज्या माणसानं घरात संगीत आणलं तो एकेक आठवण विसरत चालला होता, आणि मुलानं ते लिहिलं, मुलगी गायली, धाकटा ड्रमवर बसला. त्या गाण्यात गिटार मोठी आहे, खरखरीत आहे. तरीही मार्गो आवाज चढवत नाही. तिथं मला तुमचं ते वाक्य पुन्हा आठवलं.

मुलाला सांगा, पुढच्या वेळी गाडीत लावू नकोस. इंजिनाची घरघर बेस खाऊन टाकते. रात्री जेवणं झाली, पंखा बंद केला, की घरी लावा. पहिलं गाणं सुरू झालं की मार्गोच्या आवाजाच्या मागे एक अगदी खालचा, सतत वाहणारा गुंजारव येतो. तो तुमच्या स्पीकरचा दोष नाही. तो त्या रिकाम्या सभागृहाचा आहे. पेटीवर खर्जात शोधून पाहा, कुठल्या सुराशी जुळतो ते, आणि मला कळवा.